व्हेलसाठी 10 नॉटची मर्यादा: धंद्याचं खरंच किती नुकसान होतं?

वाचनवेडी: उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेल या जातीबद्दल वाचते आहे. जेमतेम 370-380 उरलेत, त्यात पिल्लं देणाऱ्या माद्या सत्तरच्या आसपास. जहाजांच्या धडकेने ते मरू नयेत म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 2008 पासून 65 फूट आणि त्याहून लांब जहाजांना ठरावीक हंगामात, ठरावीक पट्ट्यांत 10 नॉटच्या (ताशी 10 सागरी मैलांच्या) आत चालावं लागतं. 2022 मध्ये हा नियम 35 फुटी होड्यांपर्यंत आणायचा प्रस्ताव आला, पण जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला. आमच्या पोटावर पाय येईल, असं मासेमारीच्या सहली नेणारे सांगत होते. जहाजांवर काम करणाऱ्यांना याबद्दल काय वाटतं?

खाडीकाठ: हे व्हेल खेकडे-लॉबस्टरच्या सापळ्यांच्या दोरात अडकूनही मरतात. मग वेगावरच एवढा भर का?

सेकंडमेट: दोर हा मोठा प्रश्न आहेच, पण म्हणून धडका कमी करायच्या नाहीत का?

मी कंटेनर जहाजावर आहे. हिवाळ्यात चार्ल्स्टन, सव्हाना या तिथल्या बंदरांना जाणं होतं आणि पॅसेज प्लॅन, म्हणजे मार्गाची आणि वेळेची आखणी, मीच करतो. तिथे 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल किनाऱ्यापासून 20 सागरी मैलांचा सलग पट्टा आहे. सरळ आत शिरलं तर 15 नॉटने 80 मिनिटं लागतात, 10 नॉटने दोन तास. फरक 40 मिनिटांचा. तो आधीच धरला की पायलटची, म्हणजे जहाज बंदरात नेणाऱ्या वाटाड्याची, वेळ चुकत नाही. चार्ल्स्टनहून सव्हानाला जाताना मात्र डोकं चालवावं लागतं: पट्ट्याच्या आतून हळू जायचं, की बाहेर पडून लांबचा फेरा घ्यायचा. खर्च होतो, नाही म्हणत नाही, पण तो कोष्टकात बसवता येतो.

व्हेलच्या बाजूने पाहा. राइट व्हेलच्या पाठीवर पर नसतो. काळी, गुळगुळीत पाठ पाण्याला लागून असते, आणि पिल्लाला घेऊन मादी पृष्ठभागाच्या जरा खालीच विसावते. राखाडी हिवाळी समुद्रात ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतून, काय दिसणार? फवारा दिसला तर नशीब. दोन नाकपुड्यांतून इंग्रजी व्ही अक्षरासारखा फाकतो. मोठ्या जहाजाला धडकेचा धक्काही जाणवत नाही. 2007 च्या एका अभ्यासात 15 नॉटला बसलेली धडक प्राणघातक ठरण्याची शक्यता 80 टक्क्यांच्या घरात निघाली, साडेआठ नॉटच्या आसपास 20 टक्के. 40 मिनिटांच्या बदल्यात एवढा फरक पडत असेल तर मला तो सौदा मान्य आहे, मनापासून.

छोट्या होड्यांचं गणित वेगळं. 40 मैल बाहेर जाणारी सहल 20 नॉटने दोन तासांत पोचते, 10 नॉटने चार तासांत. जाऊन-येऊन दिवस प्रवासातच संपला, गळ टाकणार कधी? त्यांची ओरड खोटी नाही.

वाचनवेडी: म्हणजे प्रस्ताव मागे घेतला ते बरोबर झालं?

सेकंडमेट: नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनजवळ 54 फुटी होडीची धडक बसून एक पिल्लू मेलं, आईलाही जखमा झाल्या. होडीत एवढं पाणी शिरलं की ती बुडू नये म्हणून कॅप्टनला किनाऱ्याला लावावी लागली. 65 फुटांच्या नियमात ती होडी बसतच नव्हती. तेव्हा धोका होडीतल्या माणसांनाही आहे. फ्लोरिडा-जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत, जिथे माद्या पिल्लं घालायला येतात, तेवढ्यापुरती तरी मर्यादा 35 फुटांपर्यंत आणायला हवी होती. बाहेरच्या समुद्रात सवलत देता आली असती.

खाडीकाठ: आणि हवा बिघडली तर? 10 नॉटला जहाज वळायला जड जातं.

सेकंडमेट: त्याची सोय 2008 च्या नियमातच आहे. वारा, लाट, प्रवाहामुळे जहाज सांभाळणं अवघड झालं तर वेग वाढवता येतो. मग कारण, वेग, ठिकाण आणि वेळ लॉगबुकात लिहून मास्टरची, म्हणजे कप्तानाची, सही घ्यायची. मोठ्या जहाजांचा वेग एआयएसवर (जहाजाचं ठिकाण आणि वेग आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रावर) किनाऱ्यावरून दिसतो, त्यामुळे थाप मारून निभत नाही. अनेक छोट्या होड्यांवर मात्र एआयएस नसतं. प्रस्ताव पुन्हा आलाच, तर त्या यंत्राचा खर्च कोण उचलणार हे त्यात आधी लिहिलेलं हवं.