ग्रीन कार्डावर थांबणे हा दुटप्पीपणा आहे का?

कोरडवाहू:
‘अमेरिकेत वर्षानुवर्षे राहून जे ग्रीन कार्डावरच, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावरच, थांबतात आणि नागरिकत्वाचा अर्ज करत नाहीत, ते दोन दगडांवर पाय ठेवून उभे आहेत आणि खाल्ल्या मिठाला जागत नाहीत,’ असे अटकेपार यांनी काल लिहिले. ते वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. आम्ही कर भरतो, तोही जगभरातील उत्पन्नावर आणि नागरिकांच्याच नियमांनी. मताचा अधिकार मात्र आम्हाला नाही आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. अमेरिकेची शपथ घेतली की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट जमा करावा लागतो आणि आपल्याच गावी मोकळेपणाने जाण्यासाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) काढावे लागते. ज्या कार्डावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यासाठी हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागा, असे आम्हाला सांगणारे तुम्ही कोण?

अटकेपार:
मिठाचा उल्लेख मागे घेतो, दगडांचा घेणार नाही. दर 10 वर्षांनी कार्ड नवे करून घेतले म्हणजे आपण येथे कायमचे झालो, हा निव्वळ भ्रम आहे. रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा आगाऊ परवाना, न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलात, तर तुम्ही येथील वास्तव्य सोडून दिले, असे परतताना विमानतळावरच धरले जाऊ शकते. आई-वडिलांना कायमचे आणण्यासाठीचा अर्जही 21 वर्षे पूर्ण झालेला नागरिकच करू शकतो, ग्रीन कार्डधारक नाही. आणि थांबण्याचीही किंमत असते: 20 ऑक्टोबर 2025 पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी नागरिकत्वाच्या परीक्षेत 100 ऐवजी 128 प्रश्नांची तयारी करावी लागते आणि 10 पैकी 6 ऐवजी 20 पैकी 12 उत्तरे बरोबर यावी लागतात.

पळसपान:
अटकेपार यांना सगळे सोपे वाटते, कारण त्यांच्या घरी बहुधा कोणी आजारी पडले नसावे. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी सांगलीला सहा महिन्यांहून अधिक काळ राहिले. पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने पासपोर्टवरील शिक्क्यांवरून बोट फिरवले, एका पानावर थांबले आणि विचारले, ‘या काळात तुमचे घर कोठे होते?’ पाच वर्षांत 30 महिने प्रत्यक्ष हजेरीची अट मी केव्हाच पूर्ण केली होती, परंतु सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास वास्तव्य अखंड असल्याचे वेगळे सिद्ध करावे लागते. भाडेकरार, करविवरणपत्रे, नवऱ्याच्या नोकरीचे पत्र, मुलीच्या शाळेचे दाखले असे सगळे पुढे मांडले, तेव्हा कोठे गाडी पुढे सरकली. एवढे करून नागरिक झाले, तर गावी वारसनोंदीच्या वेळी ‘ताई, तुम्ही आता परदेशी, तुमचे नाव सातबाऱ्यावर लागणार नाही,’ असे ऐकावे लागले आणि सख्ख्या भावाने हक्कसोडपत्र आधीच टाइप करून आणले होते. ओसीआयधारकाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, हे पटवून द्यायला मला वकील करावा लागला.

कोरडवाहू:
मी दुसरे काय म्हणत होतो? सातबारा हाच खरा प्रश्न आहे.

नदीकाठ:
सातबाऱ्याचा हा गळा काढणे आता पुरे करावे. तुम्ही भारतीय पासपोर्ट उराशी धरून अमेरिकेत बसलात, तरी अनिवासी म्हणून फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, नियमांनुसार शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस तुम्हाला विकत घेता येतच नाही. म्हणजे जो हक्क आज तुमच्याजवळ नाही, तो जाईल या भीतीने तुम्ही अर्ज अडवून ठेवला आहे.

कोरडवाहू:
आपल्या अगाध ज्ञानाबद्दल आभारी आहे. आज खरेदी करता येत नाही, हे मान्य. परंतु परत येऊन स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकाला फेमाची ही आडकाठी राहत नाही; पुढे राज्याच्या कायद्याप्रमाणे तो शेतकरी असला म्हणजे झाले. माझ्यासारख्याला हा परतीचा रस्ता मोकळा ठेवायचा आहे. ग्रीन कार्ड हातातून जाईल अशी भीती घालणाऱ्या अटकेपारांनी हेही सांगावे की ओसीआय हेसुद्धा शेवटी कार्डच आहे, आणि नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सरकारने अधिसूचित केलेल्या कोणत्याही कायद्याच्या उल्लंघनावरून ते रद्द करता येते.

अटकेपार:
परतायचे आहे तर परता ना! ‘मुलांचे शिक्षण झाले की निघतो’ असे सांगणाऱ्यांची मुले नोकरीला लागली, तरी ही मंडळी येथेच आहेत.

पळसपान:
कोणी केव्हा परतावे, हे ठरवणारे तुम्ही नव्हे. ज्यांच्या आया गावी एकट्या आहेत, त्यांना हे टोमणे मारू नयेत.

कोरडवाहू:
आईला येथे आणायचे ठरले तर अर्ज करण्यावाचून गत्यंतर नाही, एवढे मी कबूल करतो. त्यात निष्ठेचा संबंध कोठे आला, ते मात्र मला अजून समजलेले नाही.

अटकेपार:
कोठूनही का होईना, अर्जापर्यंत आलात. मग गेल्या पाच वर्षांतील परदेश प्रवासांच्या जाण्यायेण्याच्या तारखा आताच लिहून काढा. अर्जात त्या भराव्या लागतात आणि पासपोर्टवरील निम्मे शिक्के वाचता येत नाहीत.