मदत हवी आहे: डूमच्या मॅपमधली लिफ्ट चालत नाही, रिव्ह्यू रविवारपर्यंत द्यायचाय

सिडकोवाला
लवकर सांगा कोणीतरी. डूम या शूटिंग गेमचे मॅप, म्हणजे लेव्हल, खेळतोय. मॅप०३ मध्ये निळी किल्ली घेतली, हिरव्या विषारी पाण्याच्या पलीकडे खोली आहे तिथे स्विच आहे, तो दाबतोय दाबतोय पण लिफ्ट खाली येतच नाही. सगळ्या भिंती चाचपून झाल्या, राक्षस सगळे मेलेत, ऑटोमॅपवर (गेममधल्या नकाशावर) जायला दुसरी जागाच नाही. हा मॅप अर्धवट आहे असं लिहून टाकू का? आपल्या नाशिकच्याच पोरांनी बनवलेत हे मॅप, आमच्या ग्रुपमध्ये रिव्ह्यूचं काम माझ्याकडे आहे, रविवारी सगळ्यांसमोर वाचायचेत. पहिले दोन मॅप झकास झालेत म्हणून जीव तुटतोय, उगाच कोणाच्या मेहनतीवर फुली मारायची नाहीये.

जुना_खेळाडू
कोणता डूम? पहिला, दुसरा का २०१६ वाला?

सिडकोवाला
डूम २. मॅप०३ लिहिलंय ना वर, पहिल्यात ई१एम३ असं असतं.

काजवा
ते कळलं, पण चालवतोयस कोणत्या पोर्टवर, म्हणजे डूम चालवणाऱ्या कोणत्या प्रोग्रॅमवर? जीझेडडूम, डीएसडीए, क्रिस्पी, चॉकलेट? वॅडसोबत (मॅपची फाइल) टेक्स्ट फाइल आहे का, त्यात काय लिहिलंय? स्किल, म्हणजे अवघडपणाची पातळी, कोणती?

जुना_खेळाडू
एवढं कशाला. आयडीक्लिप हा चीट कोड टाईप कर, भिंतीतून आरपार जा, पुढचा भाग बघ, रिव्ह्यू लिही. आम्ही ९० च्या दशकात हेच करायचो, फक्त पहिल्या डूमला तो कोड आयडीस्पिस्पॉपडी होता.

मॅपवाली_ताई
अजिबात नको. रिव्ह्यू करणारा भिंतीतून गेला तर त्याने तो मॅप खेळलाच नाही. लिफ्ट खाली येताना मागून काय उघडतं, गोळ्या कुठे ठेवल्यात, खेळणाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला असतं, या सगळ्याचा विचार करून बनवणारा बसलेला असतो. मी स्वतः मॅप बनवते, एकेका दारावर रात्री गेल्यात. आधी कारण शोधा.

जुना_खेळाडू
ताई, रविवार डोक्यावर आहे त्याच्या. कारण शोधायला बसला तर बाकीचे मॅप कधी खेळणार?

पंचवटी_एक्स्प्रेस
मॅनक्यूबस राक्षस सगळे मेले का नक्की? डूम २ मध्ये सगळे मॅनक्यूबस मेले की ६६६ टॅगवाली जमीन खाली येते (टॅग म्हणजे मॅपमधल्या भागाला दिलेला नंबर). एखादा कुठल्या तरी कोपऱ्यात अडकला असेल.

मॅपवाली_ताई
ते फक्त मॅप०७ ला चालतं. तिथे मॅनक्यूबस मेले की ६६६ खाली जातं आणि अ‍ॅरॅक्नोट्रॉन मेले की ६६७ वर येतं. मॅप०३ ला याचा काही संबंध नाही.

सिडकोवाला
मॅनक्यूबस एकही नाहीये या मॅपमध्ये. स्किल अल्ट्रा-व्हायोलन्स (पाचातलं चौथं), प्रत्येक मॅप पिस्तूल स्टार्टने, म्हणजे नुसत्या पिस्तुलापासून सुरू करून, खेळतो. टेक्स्ट फाइलमध्ये नुसती मॅपची नावं आणि आभार आहेत. चालवायला ग्रुपमधल्या मित्राने बॅट फाइल दिलीय, डबल क्लिक केलं की सुरू होतं.

काजवा
त्या बॅट फाइलवर राइट क्लिक कर, एडिट कर आणि आतली ओळ इथे टाक.

गंगापूर_रोड
बॅट फाइल वाचून एकदम डॉस आठवलं. शालिमारच्या बाजूला एका सायबर कॅफेत आम्ही चौघं तासाच्या हिशोबाने बसायचो, तेव्हा डूमला नेटवर्कवर चारच जण खेळू शकायचे म्हणून पाचवा नेहमी मागे उभा. लाइट गेली की सगळे रस्त्यावर. त्या कॅफेच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. कोणाला आठवतंय का?

पंचवटी_एक्स्प्रेस
मला आठवतंय! खाली मिसळ मिळायची. जिन्यावर कायम चपलांचा ढीग.

नाशिकचा_नाना
तुमच्याकडे डूम २ विकतचा नसेल तर फ्रीडूम घ्या, फुकट आहे आणि कायदेशीर आहे. चित्रं, आवाज, राक्षस सगळं नव्याने बनवलंय, त्यातल्या फेज २ या भागावर डूम २ चे मॅप चालतात. १९९७ च्या शेवटी इंजिनचा कोड खुला केला म्हणून हे सगळं शक्य झालं, मात्र मूळ गेमचा डेटा आजही विकतच घ्यावा लागतो.

सिडकोवाला
गेम आहे माझ्याकडे, नाना. लिफ्टबद्दल सांगा. बॅटमधली ओळ अशी आहे: डीएसडीए-डूम, आयवॅड (मूळ गेमची फाइल) डूम२, फाइलचं नाव, कॉम्पलेव्हल २, स्किल ४.

काजवा
सापडलं बहुतेक. एक तपासून सांग. त्या स्विचच्या शेजारच्या साध्या भिंतीला चिकट आणि यूजचं बटण दाब, मग स्विचवर दाब. दोन्ही वेळा आवाज काय येतो?

सिडकोवाला
भिंतीवर दाबलं तर गेममधला आपला माणूस ‘अंह’ करतो. स्विचवर दाबलं तर काहीच नाही, एकदम गप्प. याने काय होणारे?

काजवा
यानेच सगळं कळतं. मॅपमधली भिंत किंवा स्विच म्हणजे एक रेषाच, ज्या रेषेवर काहीच क्रिया लावलेली नसते तिथे डूम ‘अंह’ करतो. तुझा स्विच गप्प आहे म्हणजे त्या रेषेवर क्रिया लावलेली आहे, पण इंजिनला ती ओळखू येत नाहीये. म्हणजे मॅप अर्धवट नाही. कॉम्पलेव्हल २ म्हणजे १९९४ च्या मूळ डूम २ सारखं वागायचं असा हुकूम, आणि मूळ इंजिनला फक्त १४१ पर्यंतचे क्रियांचे नंबर माहीत आहेत. बूम पोर्ट आला त्याने पुष्कळ नव्या क्रिया आणल्या, त्यातल्या बऱ्याचशांचे नंबर हजारांत असतात. मॅपवाली ताई, तुमच्याकडे एडिटर असेल तर बघता का?

मॅपवाली_ताई
सिडकोवाला, मला वॅड पाठवा.

जीझेडभक्त
मलाही पाठवली होती त्याने मघाशी. जीझेडडूमवर टाकली, लिफ्ट मख्खन खाली आली. पहिल्यापासून सांगतोय, जीझेडडूम घ्या, हे कॉम्पलेव्हलचं झंझटच नाही, बूमच्या क्रिया त्याला आपोआप कळतात. शिवाय माउसने वर-खाली बघता येतं, उडी मारता येते, ते पाणी तर मी उडी मारूनच पार केलं.

काजवा
आणि त्या उडीमुळे पाण्यातून जाताना जी हेल्थ जायला पाहिजे ती गेलीच नाही. अशा मॅपचा रिव्ह्यू उडी बंद करूनच करायचा. दुसरं म्हणजे मूळ इंजिनमध्ये राक्षस उंचीला अनंत असतात, कट्ट्याखाली डीमन उभा असला तर वरून तुला पुढे सरकता येत नाही. जीझेडडूममध्ये ते आपणहून बंद असतं. मॅप सोपा का अवघड हेच बदलून जातं.

जीझेडभक्त
मग सेटिंगमध्ये जाऊन चालू करा की. सगळे पर्याय आहेत त्यात. गेम खेळायचा आनंद घ्यायचा का नियमावली वाचायची? ज्याला जशी मजा येते तसं खेळू द्या.

काजवा
खेळताना कसंही खेळ, माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याच्या मॅपवर चार लोकांत मत द्यायचंय तेव्हा बनवणाऱ्याने जसा टेस्ट केलाय तसा एकदा तरी खेळायलाच हवा.

मॅपवाली_ताई
उघडली. स्विचच्या रेषेवर १३ हजारांतला नंबर आहे, ती बूमची लिफ्ट आहे. टॅग बरोबर आहे, लिफ्टच्या सेक्टरलाही (जमिनीच्या त्या भागालाही) तोच टॅग आहे. पोरांनी काम व्यवस्थित केलंय. मॅप०१ आणि ०२ मध्ये सगळे नंबर जुनेच आहेत म्हणून ते चालले. बॅटमध्ये २ च्या जागी ९ कर, ९ म्हणजे बूम. पण एक सांगते, टेक्स्ट फाइलमध्ये ‘बूम-कम्पॅटिबल’ एवढा शब्द लिहायला पाहिजे होता आणि वॅडमध्ये सीओएमपीएलव्हीएल नावाचा लंप (वॅडमधली छोटी नोंद) टाकायला पाहिजे होता. तो असला आणि बॅटमध्ये आकडा दिलेला नसला की डीएसडीए स्वतःच योग्य लेव्हल उचलतो. हे रिव्ह्यूत नक्की लिही, आणि नीट शब्दांत लिही, कारण नवीन पोरांना हे कोणी सांगतच नाही.

सिडकोवाला
९ केलं. आली लिफ्ट! काजवा, ताई, खूप खूप धन्यवाद. पुढचं खेळून येतो.

नाशिकचा_नाना
अँड्रॉइडवर पण चालतं बरं का हे सगळं. ब्लूटूथ कंट्रोलर घ्या एखादा.

सिडकोवाला
मॅप०३ संपवला. लिफ्टच्या वर तर खरा मॅप सुरू होतो, आयडीक्लिपने गेलो असतो तर हे कळलंच नसतं. लिफ्ट खाली येते तेव्हा मागची भिंत उघडते आणि तुम्ही पाण्याकडे पाठ करून उभे असता, काय जागा निवडलीय! रिव्ह्यूचा हा भाग लिहिलाय, बघा कसा वाटतो:

‘लिफ्टची चाल अप्रतिम. वरच्या हॉलमध्ये खांबांची रांग आहे, आर्चव्हाइल राक्षसाच्या आगीपासून लपायला तिचा नेमका उपयोग होतो, प्रकाश कमी-जास्त केल्याने कुठे पळायचं ते न सांगता कळतं. पण आर्चव्हाइल येतो तो त्याच हॉलमधल्या मोठ्या लढाईनंतर, जमिनीवर मढ्यांचा खच असतो आणि तो एकेकाला उठवत सुटतो. त्याची स्वतःची हेल्थ ७००, म्हणजे सुपर शॉटगनचे चार बार तरी नीट बसायला हवेत, आणि पिस्तूल स्टार्टने इथे पोचेपर्यंत काडतुसं संपलेली असतात. दोन पेट्या काडतुसं खांबांमागे ठेवा किंवा आर्चव्हाइल लढाईच्या आधी आणा. वॅड बूमची आहे हे टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि लंप टाका.’

जुना_खेळाडू
चांगलं लिहिलंय. पण काडतुसं वाढवायला सांगू नको, टंचाईतच मजा आहे.

मॅपवाली_ताई
टंचाई अल्ट्रा-व्हायोलन्सला असू दे की. खालच्या स्किलचं काय? डूममध्ये स्किल पाच असले तरी राक्षस आणि वस्तू ठेवायला सोपं, मध्यम, अवघड असे तीनच फ्लॅग (खुणा) असतात, आणि नवीन मॅपवाले बहुतेक वेळा तिन्हीला सगळं सारखंच ठेवतात. रविवारी ऐकायला येणाऱ्यातले किती जण अल्ट्रा-व्हायोलन्स खेळतात? सोप्यावर एकदा चालवून बघ.

सिडकोवाला
स्किल २ ने आत्ताच लिफ्टपर्यंत गेलो. हॉलमध्ये तेवढेच राक्षस, आर्चव्हाइलही तिथेच, काडतूस एकही जास्त नाही. लिहितो.