रानात दबा धरून बसायला हलकं आसन कुठलं? अनुभव लिहा

कळंबाकाठ

परवा माळा झाडताना आजोबांचं शिकारीचं स्टूल हाताला लागलं. तीन सागवानी पाय, मधे पितळी बोल्ट, वर चामड्याचं तिकोनी बसकं. चामडं वाळून कडक झालंय, पण बोल्ट अजून सुळसुळीत फिरतोय. ते बघून हा धागा काढला.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली. दबा धरून बसणं मात्र चालूच आहे, फक्त हातात आता कॅमेरा नाहीतर दुर्बीण असते. कोल्हापूरच्या कळंबा तळ्याच्या काठावर शेकाटे टिपणारे, राधानगरीत धनेशाची वाट बघणारे, मसाई पठारावर चंडोलांसाठी बसणारे, सगळ्यांना तीन-तीन तास न हलता बसायचं असतं.

आसन घेताना लोक आधी वजन विचारतात. माझ्या मते आधी उंची बघावी. २० सेंमीपेक्षा खाली बसलं की गुडघे कमरेच्या वर येतात, पोट दुमडतं आणि अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात. ४० च्या वर गेलं की डोकं झुडपाच्या वर दिसतं आणि पाखरू उडतं. २८ ते ३२ सेंमी बहुतेकांना सोसतं. बसल्यावर डोळे आसनापासून साधारण ७५ सेंमी वर येतात, म्हणजे जमिनीपासून मीटरभर. लपणाच्या जाळीला खिडकी पाडायची ती याच मापानं, आणि ट्रायपॉडही तेवढाच खाली येणारा हवा. नाहीतर आसन उत्तम असूनही मान वाकडी करून बसावं लागतं.

आता तुम्ही लिहा. कुठलं आसन, किती वजनाचं, कुठं बिघडतं.

उद्यमनगरी

बाजारात तीनपायी स्टूल मिळतं, पण त्याचा सांधा बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा असतो आणि तोच आधी जातो. त्यापेक्षा शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपात करून घ्या.

माप देतो. अॅल्युमिनियम पाइप २५ मिमी, जाडी १.६ मिमी, ५० सेंमीचे तीन तुकडे. तिन्हींचं वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. प्रत्येकाच्या बरोबर मध्यावर ८ मिमीचं भोक. भोक पाडायच्या आधी पाइपच्या पोटात नायलॉनच्या दांड्याचा ५ सेंमी तुकडा ठोकून बसवा. आतलं माप २१.८ मिमी येतं, लेथवर घट्ट बसेल असा काढून घ्यायचा. हा तुकडा नसेल तर बोल्ट आवळताना पाइप चेपतो आणि वजन आलं की तिथंच वाकतो.

सांधा असा: ८ मिमीचा ८० लांबीचा सरळ बोल्ट पहिल्या पायातून घाला, मग आय बोल्टच्या (डोक्याला कडी असलेला बोल्ट) डोळ्यातून, मग दुसऱ्या पायातून. आय बोल्टचा दांडा तिसऱ्या पायातून बाहेर काढा. दोन्हीकडं नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) लावा. साधा नट उघडमीट करताना सैल होत जातो. प्रत्येक फटीत वॉशर टाका. ६ मिमीचा बोल्ट वापरू नका, वाकतो.

वरच्या टोकांमधलं अंतर ३१ सेंमी ठेवलं तर उंची ३५ येते. बसलं की कापडाला झोळ पडून ३० वर थांबते. सगळं मिळून ७०० ग्रॅम.

टिबुकली

@उद्यमनगरी भारी माहिती 🙏 पण बसक्याचं कापड कुठलं? माझ्या स्टुलाचं शिवण एका हंगामात उसवलं

उद्यमनगरी

ताई, कापडानं काही होत नाही, कडेनं होतं. सगळा ताण तिकोनाच्या तीन कडांवर येतो, मधल्या कापडाला तेवढा नसतो. म्हणून कडेनं २५ मिमीचा नायलॉनचा पट्टा चारी बाजूंनी... म्हणजे तिन्ही बाजूंनी फिरवून घ्या आणि पट्टा कोपऱ्यातल्या खिशाच्या आत शिवला गेला पाहिजे. खिसे चामड्याचे, ६-७ सेंमी खोल. हे घरच्या मशीनवर होत नाही. चप्पल लाईनीतल्या कारागिराकडं द्या, जाड सुई आणि मेणवलेला दोरा त्यांच्याकडंच असतो.

सुती कॅनव्हास मला आवडतं, खसखसत नाही. पण भिजलं की जड होतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरतं. नायलॉनचं कापड लवकर वाळतं, फक्त विजारीला घासलं की आवाज येतो.

रांगडा_राधानगरीचा

चार पायांचं का नको कुणी सांगंल का? बाजारात तेच जास्त हाय अन स्वस्त बी

कळंबाकाठ

@रांगडा तीन पाय कसल्याही खडबडीत जागी टेकतातच, चौथा असला की एक तरी हवेत राहतो आणि आसन डुगडुगतं. सपाट काठावर चार पायांचं चालेल, आणि मागं-पुढं झुकायची सवय असेल तर ते जास्त बरं. तीनपायीवर बसायचं ते एक कोपरा दोन मांड्यांच्या मधे पुढं ठेवून. सपाट कड पुढं घेतली तर ती मांडीच्या मागं रुतते आणि पाय बधिर होतो.

चिखली_वाट

उतारावर मात्र पाय कुठं टेकतात ते बघून बसा. उताराच्या बाजूला दोन पाय, चढाच्या बाजूला एक. आणि चढाचा पाय दोन बोटं मातीत पुरा. उताराकडं तोंड असताना एकच पाय पुढं ठेवला तर तिरकं पुढं झुकल्यावर स्टूल सरळ उलटतं, हातात लेन्स असेल तर विचारूच नका.

मूळ लिहायचं होतं ते वेगळंच. काळ्या मातीत पाय रुतणं. ७५ किलोचा माणूस २५ मिमीच्या तीन पायांवर बसला तर खालचं क्षेत्रफळ सगळं मिळून जेमतेम १५ चौ. सेंमी, म्हणजे दर चौ. सेंमीला ५ किलो. तळ्याचा काठ एवढं कुठला सोसणार? एक पाय रुतला की कंबर वाकडी होते आणि ते लक्षात येतं घरी आल्यावर. उपाय सोपा आहे: टेनिसचे तीन चेंडू. चेंडूला अधिकच्या चिन्हासारखी चीर द्यायची, पाय आत घुसवायचा. भार पाऊण किलोवर येतो. पाय तिरका असतो तरी चेंडू गोल असल्यामुळं नीट टेकतो, लाकडी चकती अशी टेकत नाही, कडेवर उभी राहते. चेंडूच्या तळाला एक छोटं भोक पाडा, नाहीतर आत पाणी साठून वजन वाढतं. आणि तो पोपटी रंग पाखरांना लांबून दिसतो, काळ्या मातीत चांगला मळवून घ्या.

टिबुकली

चेंडूची आयडिया आजच करते. मुलाच्या बॅटखालून तीन काढावे लागतील 😄

जांभादगड

सगळे स्टुलावरच घसरलेत, पठाराचं कुणी बोलत नाही. मसाई पठारावर, बरकीच्या सड्यावर स्टूल नेऊच नका. तिथं गवत घोट्याएवढं, आडोसा काही नाही. ३० सेंमीवर बसलेला माणूस मैलावरून दिसतो. तिथं फक्त फोमची घडी.

फोम कुठला ते महत्त्वाचं. पॅकिंगचा पांढरा फोम नको, चार वेळा बसलं की चपटतो आणि कर्रकर्र वाजतो. गादीचा स्पंजही नको, दव पितो आणि ओलं बूड घेऊन बसावं लागतं. बंद पेशींचा फोम घ्या, योगाच्या चांगल्या चटईचा असतो तो. नखानं दाबून सोडला की लगेच वर आला पाहिजे. १० मिमी जाडीचे ३५ बाय ४० सेंमीचे दोन तुकडे, एका बाजूला कापडी चिकटपट्टीनं जोडले की पुस्तकासारखी घडी होते. अगदी हलकी, पाठपिशवीत पाठीच्या बाजूला सरकवली की पाठीलाही टोचत नाही काही.

हवा भरायच्या उश्या जांभ्यावर आणू नका. जांभ्याचे खडे करवतीसारखे असतात, एका तासात हवा गेलेली असते.

शाहूपुरी_काकी

गुडघ्याचं काय करायचं ते लिहा की कुणीतरी. साठीनंतर फोमवर बसलं की उठता येत नाही. टेकून बसायची पट्ट्यांची खुर्ची (पाय नसलेली, जमिनीवरची) कशी आहे?

चिखली_वाट

काकी, पाठीला फार सुख देते, पण उठायला तीच सगळ्यात अवघड. पट्टे बाजूला असतात, हात टेकायला काही नसतं. आधी एका कुशीवर वळून गुडघ्यावर यावं लागतं. गव्याच्या भागात तर वापरूच नये. हजार किलोच्या आसपासचं जनावर वळलं तर झटकन उठून झाडाआड जाता आलं पाहिजे. तुमच्यासाठी ३५-३८ सेंमी उंचीचं स्टूल आणि सोबत काठी. उंची थोडी जास्त दिसली तरी चालेल, झुडूप मोठं निवडायचं. झाडाला पाठ टेकून बसलात तर आकृती बुंध्यात मिसळते आणि पाठही धरते.

शाहूपुरी_काकी

बरं झालं विचारलं. खुर्ची घ्यायला निघालेच होते. देव भलं करो

रांगडा_राधानगरीचा

काकी, काळजी घ्या. आन अभयारण्यात कुठंबी मनानं बसू नका, परवानगी अन वाटाड्या घेऊनच जावा. दाजीपूरला गवं रस्त्याकडंला बी असत्यात.

अजून एक. पालापाचोळ्यावर थेट बसू नका, गोचीड चढतंय. खाली सिंधुदुर्गात दोडामार्गाकडं माकडताप आलता २०१६ ला, त्यो गोचिडानंच. स्टूल असलं तरी पाय ठेवायची जागा आधी काठीनं साफ करून घ्या, मुंग्यांची रांग बघा. पावसात जळवा हायतच, विजार मोज्यात खोचा.

निःशब्द

कुणी आवाजावर फार बोललं नाही म्हणून. उंची, वजन, पाय सगळं बरोबर असून स्टूल वाजलं तर उपयोग शून्य. तपासायची रीत: घरी रात्री पंखा बंद करून बसा. डावीकडं वळा, उजवीकडं वळा, पुढं झुका. जो आवाज तुम्हाला हळू वाटतो तो पाखराला मोठा असतो.

चर्र येतं ते बहुतेक वॉशर आणि पाइपच्या मधून. तिथं मेणबत्ती घासा. तेल लावू नका, धूळ धरतं आणि नंतर जास्त वाजतं. पाय मिटताना टणकारतात, त्यांना सायकलची जुनी ट्यूब कापून कडी घाला, चकाकीही झाकते. पिशवीला वेल्क्रो नको, फर्रकन वाजतं. नाडी लावा. आणि स्टूल उघडायचं ते बसायच्या जागी पोचण्याआधी शंभर पावलं, तिथं जाऊन खटपट करत बसू नये.

टिबुकली

@निःशब्द डब्याचंही लिहा ना, स्टीलच्या झाकणाचा आवाज!

निःशब्द

हो हो. डबा नकोच. झुणका-भाकरी फडक्यात बांधून. कांदा मात्र घरी ठेवा 🙂

पाणवठा

बुद्धपौर्णिमेच्या गणनेला मचाणावर बसणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. मचाणावर बारीक पायांचं कुठलंच आसन नको, फळ्यांच्या फटीत पाय जातो. चेंडू लावलेले असले तर बसतं, पण मचाण हललं की गडगडतं. तिथं फोमची घडी दुहेरी, आणि पाठीला मागच्या खांबाला बांधलेली दुसरी घडी. रात्रभर बसायचं असतं, त्यामुळं दर तासाला नुसती पावलं ताणा आणि एका बुडावरून दुसऱ्या बुडावर भार घ्या. हे हळूहळू केलं तर खालच्या जनावराला कळत नाही.

माणगा

बांबूचं कुणी करतंय का? माणग्याचा बांबू जवळजवळ भरीव असतोय, अॅल्युमिनियमपेक्षा स्वस्त आणि उन्हात तापत नाही. अडचण एकच, भोक पाडताना चिरतो. भोकाच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर तारेचे चार-चार वेढे घट्ट आवळा, मग आधी ३ मिमीनं आणि नंतर ८ मिमीनं पाडा. ओला बांबू वापरू नका, वाळताना आकसतो आणि सांधा ढिला पडतो.

कळंबाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आजोबांच्या स्टुलाच्या चामड्याला एरंडेल लावलं तर मऊ होईल का?

उद्यमनगरी

आधी पांढरं फडकं कोरडंच चामड्यावर घासून बघा. फडक्याला काही लागलं नाही तर नुसतं वाळलंय: ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, मग एरंडेल अगदी थोडं, आठवड्यातून एकदा, तीन-चार वेळा. उन्हात ठेवू नका, पाण्यात बुडवू नका. तांबडी भुकटी लागली तर मात्र चामडं आतून कुजलंय. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेल्या जुन्या चामड्याला असं होतं आणि तेलानं ते परत येत नाही. मग त्यावर बसायचं नाही. माप म्हणून ठेवा, त्याच्यावरून नवीन कापून घ्या. पितळी बोल्ट तोच ठेवा.

कळंबाकाठ

आत्ताच घासून बघितलं. तांबडी भुकटी लागतीय फडक्याला. उद्या चप्पल लाईनीत घेऊन जातो.

शाहूपुरी_काकी

जुनं चामडं टाकू नको रे बाबा. नवीन झालं की दोन्हीचा फोटो टाक