कॉम्प्रेशनला मराठीत एकच शब्द कसा पुरवू?

मळ्यातली_अनुवादिका:
नमस्कार मंडळी. सांगलीत बसून इंग्रजीतून मराठी अनुवाद करते. या महिन्यात एकाच ग्राहकाची तीन कामं आलीत: विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची पुस्तिका, पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी घालायच्या मोज्यांचं पत्रक आणि फोटो लहान करायचं ॲप. तिन्हीत 'कॉम्प्रेशन'. ग्राहकाच्या शब्दसूचीत त्याला एकच शब्द, संपीडन. दुसरं काही लिहिलं की सॉफ्टवेअर लाल रेघ ओढतं.

"इंजिनाचे संपीडन कमी झाल्यास" हे वाक्य आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी तीस वर्षं मळ्यात इंजिन चालवलंय. म्हणाले, "कुणाला पीडा झाली गं?" 'संपीडन मोजे' तर थेट पोलीस कोठडीतले वाटतात. शाळेत ध्वनिलहरींच्या धड्यात संपीडन-विरलन होतं, तिथे काही खटकलं नव्हतं. तुमच्या कामात तुम्ही तोंडाने काय म्हणता, तेवढं सांगा.

गॅरेजवाला_कागल:
ताई, आमच्याकडं 'कॉम्प्रेशन'च. "कॉम्प्रेशन गेलंय", "कॉम्प्रेशन मिळंना". शेतकऱ्याला दुसरं काही लिहिलंत तर तो पुस्तिका घेऊन माझ्याकडंच येणार.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरभर हवा १६व्या-१८व्या हिश्श्यात कोंबली की ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि डिझेलची फवारणी झाली की आपोआप पेटते. म्हणजे कॉम्प्रेशन गेलं तर नुसती ताकद कमी होत नाही, थंडीत इंजिन चालूच होत नाही. नुसतं 'दाब' लिहू नका, ऑइलचा दाब वेगळा, तो वाचून माणूस भलतंच उघडून बसंल.

मोटरसायकलवर आधी पायालाच कळतं, किक मऊ लागते. मग प्लग काढून तिथं गेज लावायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून चार-पाच किका मारायच्या आणि काटा बघायचा. कमी दाखवला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत किका. आता काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, कारण ऑइलनं फट भरली. नाही चढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट बघायचं. एका चमच्यावर गिऱ्हाइकाचा खर्च ठरतो.

शुद्धलेखन_प्रेमी:
संपीडनात वाईट काय आहे? संगणक शब्दालाही लोक आधी हसलेच असतील. वापरत राहिलं की रुळतो.

गॅरेजवाला_कागल:
रुळू द्या की साहेब. रुळेपर्यंत इंजिन बंद ठेवायचं का?

साइटवरचा_इंजिनिअर:
बांधकामात 'दाब' आणि 'ताण' ही जोडी चालते. काँक्रीट दाब सोसतं, ताणाला तडकतं, म्हणून सळई. तुमच्या पुस्तिकेला उपयोग नाही, पण शब्द जोडीत आला की किती सोपा होतो ते बघा. साइटवर मात्र "क्यूब फोडायला पाठवला" एवढंच. १५ सेंटिमीटरचा ठोकळा, २८ दिवसांनी मशीनमध्ये. एम-२० प्रतीचं काँक्रीट असेल तर साधारण ४५ टन भार घेऊन मगच फुटायला हवा.

रेकॉर्डिंग_दादर:
आमच्याकडे तर एकाच गाण्यात दोन कॉम्प्रेशन! गाताना बुवा कुजबुजले तरी ऐकू यावं आणि ओरडले तरी कान फुटू नयेत, म्हणून कॉम्प्रेसर लावतो. त्याने आवाजाची चढउतार कमी होते, फाइल एक केबीनेही लहान होत नाही. नंतर एमपी३ करतो ते दुसरं. त्यात फाइल लहान होते, चढउतार जवळपास तशीच राहते. गिऱ्हाईक "कॉम्प्रेस नका करू" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठलं?

ॲपसाठी सांगतो: आरतीच्या पुस्तकात धृपद एकदाच छापतात, पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'धृ.'. जागा वाचली, शब्द एकही गेला नाही. झिप फाइल अशीच. फोटोच्या जेपीजीत मात्र डोळ्याला फारसं न जाणवणारं टाकूनच देतात, ते परत मिळत नाही. तुमच्या ॲपने मूळ फोटो पुसून त्यावरच नवा ठेवला तर वापरणाऱ्याला आधी कळायला हवं. 'संपीडन' लिहून ते कळणार नाही.

मळ्यातली_अनुवादिका:
सगळ्यांचे आभार, दादरकरांचे जास्त. ॲपचा मूळ मजकूर उघडून पाहिला. ते मूळ फोटो खरंच पुसतं आणि तसं कुठेच लिहिलेलं नाही. ग्राहकाला कळवलंय.

बटणावर 'फोटो लहान करा' लिहिलं. मोज्यांना 'दाब देणारे मोजे'. घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर पोटरीकडे सैल होत जातात, हे पत्रकात आहेच. इंजिनाला कॉम्प्रेशन. तिन्हीकडे लाल रेघ आहे, असू दे.

एकच अडलंय. हँडल मारून चालू करायच्या इंजिनाला वर 'डीकॉम्प्रेशन लिव्हर' असतो: तो उचलून हँडल फिरवायचं, चाकानं वेग धरला की सोडायचा. सूचीत 'विसंपीडन तरफ' आहे. आप्पा त्याला 'खटका' म्हणतात. कागलकर, तुमच्याकडेही खटकाच का?

गॅरेजवाला_कागल:
खटकाच. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हेही लिहा. उलटा झटका बसला तर मोडतो.