बेल लॅब्ज: मक्तेदारीची पुण्याई?

बिनतारी
परवा मित्रांच्या कट्ट्यावर विषय निघाला, आपल्याकडे बेल लॅब्जसारखी (एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची संशोधन प्रयोगशाळा) संस्था का उभी राहत नाही. पैसा नाही, मानसिकता नाही, ही ठरलेली उत्तरं आली. माझं मत जरा न पचणारं आहे: बेल लॅब्ज मक्तेदारीच्या पैशावर वाढली आणि मक्तेदारी गेल्यावर वाळली.

१९२५ साली ती स्थापन झाली तेव्हा अमेरिकेत टेलिफोन म्हणजे जवळजवळ एटी अँड टीच. उपकरणं बनवणारी वेस्टर्न इलेक्ट्रिकही तिचीच. संशोधनाचा खर्च शेवटी ग्राहकांच्या फोनबिलातून निघायचा आणि ग्राहक जाणार कुठे? म्हणून वीस-वीस वर्षांचा विचार परवडायचा. टेलिफोनच्या जाळ्यातल्या व्हॅक्यूम ट्यूब (संकेत वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) तापतात, जळतात, रिले (विजेवर चालणारे स्विच) झिजतात. त्यांना घन पदार्थातला पर्याय हवा, हे लॅबचा संशोधनप्रमुख मर्विन केली याच्या डोक्यात युद्धाआधीपासून होतं. १६ डिसेंबर १९४७ ला लॅबमधल्या बार्डीन आणि ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी पात्याने चीर दिली आणि ते टोक जर्मेनियमवर दाबलं. विजेचा संकेत वाढवणारा ट्रान्झिस्टर! १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौर घट, १९६९ मध्ये युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली आणि सीसीडी ही कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप. त्याआधी, १९६४-६५ च्या सुमाराला, लॅबचे खगोलशास्त्रज्ञ पेन्झियास आणि विल्सन होल्मडेलच्या अँटेनातला खरखराट घालवायला कबुतरांची विष्ठा खरवडत होते आणि हाती लागलं विश्वाच्या जन्मकाळचं प्रारण. त्रैमासिक नफ्याचा हिशेब द्यावा लागणाऱ्या कोणत्या कंपनीने हे चालू दिलं असतं?

१९८४ मध्ये सरकारने एटी अँड टीचे तुकडे केले. पुढे लॅब ल्युसंटकडे, मग अल्काटेलकडे, २०१६ मध्ये नोकियाकडे. घर फिरलं की वासेही फिरतात.

खवचट_खान
मक्तेदारी आपल्याकडेही होती की. फोन सरकारचाच, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यातून कुठला ट्रान्झिस्टर निघाला?

अनुस्वार
खवचट, सहमत. पण बिनतारींची खरी चूक पुढे आहे. ट्रान्झिस्टर *सापडला* मक्तेदारीत, हे मान्य. तो *पसरला* कशामुळे? १९४९ मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्या टांगत्या तलवारीखाली १९५२ मध्ये बेलने पंचवीस हजार डॉलर आगाऊ घेऊन ट्रान्झिस्टरचे परवाने दिले आणि वर तो कसा बनवायचा याची शिकवणीही घेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ट्रान्झिस्टरच्या धंद्यात त्यातूनच आली. टोकियोतल्या एका लहानशा कंपनीनेही परवाना मिळवला. तिला आज आपण सोनी म्हणतो.

१९५६ च्या तडजोडीत तर जुनी पेटंटं विनामूल्य खुली करावी लागली आणि एटी अँड टीला टेलिफोनच्या बाहेर धंदा करायला बंदी झाली. युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसकट मिळालं ते औदार्य म्हणून नव्हे. संगणकाच्या बाजारात उतरायची मुभाच नव्हती! तुम्ही ज्याला मक्तेदारीची पुण्याई म्हणता, त्यातली निम्मी सरकारने कान पिळल्याची आहे.

आणि हीच मक्तेदारी एरवी कशी वागायची? 'हश-अ-फोन' नावाची साधी टोपी होती, रिसीव्हरच्या तोंडाला लावायची, म्हणजे बोलणं शेजाऱ्याला ऐकू जात नाही. तीसुद्धा आमच्या फोनला लावायची नाही म्हणून एटी अँड टी भांडली आणि १९५६ मध्ये कोर्टात हरली.

बिनतारी
टोपीवर मी निरुत्तर आहे. पण वाटायला आधी हातात काहीतरी असावं लागतं ना? सरकार परवाने द्यायला लावू शकतं, जर्मेनियमवर सोनं दाबायला नाही.

शंकरपाळी
तुम्ही दोघं पैसा आणि कायदा यांतच अडकलात. बेल लॅब्जची मरे हिलची इमारत मुद्दाम लांबच लांब कॉरिडॉरची बांधली होती, म्हणजे भौतिकीवाला आणि धातुशास्त्रवाला येता-जाता एकमेकांना अडवतील. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन तिथे एकचाकी सायकल चालवायचा म्हणे. मोकळीक महत्त्वाची.

खवचट_खान
कॉरिडॉर आमच्या सरकारी कचेरीतही लांबच आहेत.

अनुस्वार
शंकरपाळी, कॉरिडॉर असू दे, पण मत्सर विसरू नका. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या पेटंटवर बार्डीन-ब्रॅटनचा गटप्रमुख शॉकली याचं नाव नव्हतं. तो इतका पेटला की काही आठवड्यांतच त्याने जंक्शन ट्रान्झिस्टर हा वेगळा प्रकार कागदावर मांडला, आणि तोच पुढे जास्त चालला. गुण्यागोविंदाने नांदणारं घर नव्हतं ते.

वडापाव_इन_जर्सी
नरेंद्र करमरकरांचं नाव कुणीच कसं काढलं नाही? ग्वाल्हेरचा जन्म, आयआयटी मुंबईचं शिक्षण. रेषीय प्रोग्रामिंगची त्यांची पद्धत १९८४ मध्ये बेल लॅब्जमधूनच आली. शेकडो विमानं, हजारो कर्मचारी, मर्यादित तास, यातून सगळ्यात स्वस्त वेळापत्रक काढायचं, अशा जातीचे प्रश्न. जुनी सिम्प्लेक्स पद्धत सगळ्या शक्य उत्तरांच्या बहुकोनी आकृतीच्या कडेकडेने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालत जाते. करमरकर थेट पोटातून वाट काढतात. बिनतारी, साल बघा, १९८४! तुमच्या हिशेबाने तर त्या वर्षी वासे फिरले होते.

बिनतारी
काम आधीच्या मोकळ्या दिवसांत पिकलं, फळ १९८४ मध्ये पडलं. झाड तोडल्यावरही वरची फळं काही दिवस पिकतातच.

अनुस्वार
मग त्या फळाचं पुढे काय झालं तेही सांगा. विभाजनानंतर संगणकाच्या धंद्यावरची बंदी उठली होती. एटी अँड टीने करमरकरांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, ते १९८८ मध्ये मंजूर झालं. ती चालवणारी यंत्रणा लाखो डॉलरना विकायला काढली. गणिताच्या पद्धतीवर मालकी कशी, म्हणून गणितज्ञ संतापले. युनिक्स आणि करमरकर शेजारी शेजारी ठेवून बघा. घर तेच, माणसं त्याच तोलाची. फरक एवढाच की पहिल्या वेळी मालकाचे हात बांधलेले होते.

वडापाव_इन_जर्सी
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आपला अभिमानाने नाव घ्यायला आलो होतो.

खवचट_खान
म्हणजे आपल्याला आधी मक्तेदार हवा, मग त्याच्या मागे लागणारा सरकारी वकील हवा. पहिला मिळेल.

बिनतारी
युनिक्सचा मुद्दा मागे घेतो. ट्रान्झिस्टरचा घेत नाही.