हस्तलिखित सातबाऱ्यावर ०.६४.७, ऑनलाइन सातबाऱ्यावर ०.४६.७० : कलम १५५ चा अर्ज की अपील?

वनिता_कळवा

नमस्कार मंडळी. जमीन ठाणे जिल्ह्यातलीच, भातशेती, सर्व्हे नंबरातला हिस्सा २. खातेदार एकटे वडील, वय ७४. एकर-गुंठ्याच्या काळातल्या उताऱ्यावर क्षेत्र १ एकर २४ गुंठे आहे. त्यानंतरच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ०-६४-७ (हेक्टर-आर, म्हणजे ६४.७ आर), आकार (जमिनीचा सारा) २ रुपये ५० पैसे. आता १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढला, त्यावर ०.४६.७०. आकार मात्र तोच, २.५०. खाली 'प्रलंबित फेरफार : नाही' असं छापलेलं आहे.

दुसरी अडचण नावाची. सातबाऱ्यावर 'गणू' आणि वडिलांचं नाव, आडनाव नाही. आधारवर 'गणपत' आणि आडनाव. शेतकरी ओळख क्रमांकाच्या अर्जात नाव जुळत नाही असं येतंय.

जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती होईल की प्रांताकडे अपील करावं लागेल? नाव आणि क्षेत्र एकाच अर्जात घालावं का? आणि क्षेत्र चुकलेलं असताना उताऱ्यावर डिजिटल सही झालीच कशी?

नमुना_सहा

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ई-फेरफारची संगणक प्रणाली बेरीज तपासते, मूळ कागद तपासत नाही. सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या नावासमोरच्या क्षेत्रांची बेरीज जुळली नाही, तर तो उतारा तफावतीच्या अहवालात येतो. त्याला ओडीसी अहवाल म्हणतात. अहवालात आलेल्या उताऱ्यावर दुरुस्ती होईपर्यंत डिजिटल सही होत नाही. तुमच्याकडे खातेदार एकच. वर एकूण क्षेत्र ४६.७० आणि नावासमोरही ४६.७०, म्हणजे बेरीज जुळली आणि सही झाली. चार भाऊ खातेदार असते आणि चौघांची मूळ क्षेत्रं नीट भरली गेली असती, तर हीच चूक पहिल्या तपासणीत पकडली गेली असती. एक खातेदार असलेल्या हिश्श्यांत अशा चुका दडून राहतात. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं ते अशाच गोष्टींसाठी, पण खातेदार गावात नसेल तर आकडा ऐकून 'हे चुकलं' म्हणणार कोण?

आता आकडे तपासू. १ एकर २४ गुंठे म्हणजे ६४ गुंठे. एक गुंठा १.०११७ आर, म्हणून ६४ गुंठ्यांचे ६४.७५ आर. हस्तलिखितावरचे ०-६४-७ त्याच्याशी जुळतात. ऑनलाइनला ६ आणि ४ उलटे पडलेत. ही साधी टंकनाची चूक आहे.

आकाराचा पुरावाही तुमच्या बाजूचा आहे. क्षेत्र चुकलं तरी आकार जुनाच राहिला. शेजारच्या हिस्सा १ चं क्षेत्र आणि आकार बघा आणि आकाराला आरने भागा. तुमचं २.५० भागिले ६४.७० म्हणजे आरला साधारण ३.८६ पैसे येतात. ४६.७० ने भागलं तर ५.३५ पैसे. शेजारचा दर ३.८६ च्या आसपास असेल तर संशयाला जागा उरत नाही. मात्र एक हिस्सा भाताचा आणि दुसरा वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) असेल तर ही तुलना करू नका. तिथे आकारणीचा दरच वेगळा असतो.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट कराच. त्या सर्व्हे नंबरातल्या सगळ्या हिश्श्यांचे उतारे महाभूलेखवर बघा (बघायला पैसे लागत नाहीत). पोटखराब (लागवडीला अयोग्य भाग) धरून त्यांची बेरीज करा आणि आकारबंदातल्या (भूमी अभिलेखाकडची क्षेत्र आणि आकाराची मूळ नोंद) क्षेत्राशी ताडा. आकारबंदाची प्रत तालुका उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून मिळते. ऑनलाइन बेरीज बरोबर १८ आरने कमी आली, तर हे क्षेत्र दुसऱ्या कोणाच्याही नावावर गेलेलं नाही आणि प्रकरण सरळ आहे. बेरीज आकारबंदाशी जुळली, तर तुमचे १८ आर शेजारच्या हिश्श्यात चढलेत. मग त्या खातेदारांना नोटीस जाईल, आणि त्यांनी हरकत घेतली तर मामला लेखनप्रमादाचा (लिहिताना झालेल्या चुकीचा) राहत नाही.

साखळी_कडी

वरच्या मुद्द्याला जोडून. कलम १५५ लेखनप्रमादासाठी आहे, किंवा ज्या चुका संबंधित सगळे मान्य करतात त्यांच्यासाठी. हक्काचा वाद तिथे सुटत नाही. कोणाचा हिस्सा किती, वारस कोण, खरेदी खरी की खोटी, हे प्रश्न असतील आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केलेला असेल, तर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (म्हणजे प्रांताकडे) अपील. मुदत ६० दिवस. ती उलटली असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज, कारणांसह.

दोन्हीतला फरक ओळखायची रीत अशी. क्षेत्र बदललं त्या ठिकाणी फेरफार क्रमांक आहे का ते बघायचं. जुन्या सातबाऱ्यावर नावाभोवती आणि क्षेत्राशेजारी वर्तुळात क्रमांक असतात. त्यातला एकेक फेरफार गाव नमुना ६ मधून, म्हणजे फेरफार नोंदवहीतून काढायचा. ०.६४.७ वरून ०.४६.७ कोणत्याही फेरफाराने झालेलं नसेल, म्हणजे मध्ये खरेदी, वाटप, संपादन काहीच नसेल, तर आकडा नोंदीविना बदललाय. ते १५५ चं प्रकरण. फेरफार सापडला तर आधी तो वाचा. कधीकधी रस्त्याला किंवा कालव्याला खरोखरच काही आर गेलेले असतात आणि घरच्यांना माहीत नसतं.

गावभर दशमान पद्धत लागू केल्याचा एक सामायिक फेरफार बहुतेक गावांत असतो, तोही काढा. मूळ गोंधळ तिथलाही असू शकतो. एकर-गुंठ्याचे '१-२४' हेच हेक्टर-आर समजून १.२४ लिहिल्याची उदाहरणं आहेत. तिथे खातेदाराला क्षेत्र वाढलेलं दिसतं, मोजणीत जमीन भरत नाही आणि मग शेजाऱ्याशी भांडण लागतं.

नमुना_सहा

बरोबर. आता अर्जाचं.

ई-हक्क प्रणालीवर नागरिक म्हणून खातं उघडायचं, सातबारा फेरफाराचा पर्याय घ्यायचा, जिल्हा-तालुका-गाव निवडून अर्जाच्या प्रकारात हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यातल्या तफावतीची दुरुस्ती निवडायची. वारस नोंद, बोजा चढवणे-उतरवणे हे प्रकार त्याच यादीत आहेत. प्रकार चुकला की अर्ज परत येतो. अर्ज वडिलांच्या नावे करा, कारण खातेदार ते आहेत.

सोबत काय जोडायचं ते नीट ठरवा. झेरॉक्सवर हे काम होत नाही. संगणकीकरणाआधीच्या शेवटच्या हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून घ्या. ठाणे जिल्ह्याचे जुने अभिलेख स्कॅन झालेले आहेत. 'आपले अभिलेख'वर आधी गाव आणि सर्व्हे नंबर टाकून शोधा. सापडलं तर वर्ष आणि पान कळतं आणि नक्कल मागताना नेमकं तेच मागता येतं. सोबत आत्ताचा डिजिटल सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), आकारबंदाची प्रत आणि त्या हिश्श्यावरचे सगळे फेरफार. हिस्सा कधी पडला हे दाखवायला हिस्सा फॉर्म नंबर ४ मिळाला तर उत्तम.

अर्जाच्या मजकुरात गोष्ट लांबवू नका. 'हस्तलिखित गाव नमुना सात, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा २, क्षेत्र ०.६४.७ असताना संगणकीकृत अभिलेखात ०.४६.७० असे नमूद झाले आहे. सदर बदल कोणत्याही फेरफाराने झालेला नाही. हिश्श्यांच्या क्षेत्रांची बेरीज आकारबंदापेक्षा ०.१८.०० ने कमी येते.' एवढं पुरतं. या तीन वाक्यांतलं प्रत्येक वाक्य जोडलेल्या एकेका कागदावर बोट ठेवतं, त्यामुळे तपासणाऱ्यालाही सोपं जातं.

पुढे ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी, २०२४ पासून पदनाम बदललंय) मूळ दप्तराशी ताडून अहवाल देतात, तहसीलदार १५५ चा आदेश काढतात, त्या आदेशावरून फेरफार धरला जातो, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. बरेच अर्ज आदेश आणि फेरफार यांच्या मध्येच अडकतात. आदेश झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. आदेशाची प्रत हातात घ्या आणि 'आपली चावडी'वर गावाचे चालू फेरफार बघत राहा. नोटीस काढली असेल तर हरकतीसाठी १५ दिवस जातात.

नाव यात घालू नका. त्याचा अर्ज वेगळा करा.

घणसोली_गावठाण

नाव वेगळं का? दोन्हीला तहसीलदारच ना?

साखळी_कडी

दादा, अधिकारी एक असला तरी पुरावा वेगळा लागतो. क्षेत्राची चूक टंकनाची आहे. नावाच्या बाबतीत मूळ फेरफारातच 'गणू' असेल, तर संगणकाने जसं होतं तसंच उतरवलंय, मग ती तफावत कशी म्हणायची? नाव बदलायला दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, असलाच तर पासपोर्ट किंवा निवृत्तीवेतनाचा कागद लागतो. गावातल्या शेजारच्या खातेदारांचे जबाबही घेतले जातात. एका अर्जात घातलं तर नावाच्या चौकशीत क्षेत्रही अडकून पडतं.

मात्र मूळ फेरफार आधी बघाच. त्यात 'गणपत' आणि आडनाव असेल, आणि सातबाऱ्यावर उतरवताना 'गणू' झालं असेल, तर ताईंचं काम फार सोपं आहे.

शेतकरी ओळख क्रमांकासाठी सातबारा दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. नाव कमी जुळलं तरी अर्ज सादर होतो, तो फक्त पडताळणीला जातो. तिथे प्रतिज्ञापत्र आणि आधार दाखवायचं. पीएम किसानपासून कृषी खात्याच्या योजनांपर्यंत आता हाच क्रमांक विचारतात, त्यामुळे हे काम आधी उरका.

नमुना_सहा

आणखी एक महत्त्वाचं. दुरुस्ती होईपर्यंत या हिश्श्यावर बक्षीसपत्र, वाटपपत्र, खरेदीखत काहीही नोंदवू नका. वडिलांचं वय बघता घरात तसा विचार सुरू असेल म्हणून मुद्दाम लिहितो. दस्तात ०.४६.७० गेलं की सूची क्रमांक २ मध्ये (नोंदणीकृत दस्ताच्या गोषवाऱ्यात) तेच येतं, दुय्यम निबंधकांकडून माहिती थेट ई-फेरफारला जाते आणि त्याच क्षेत्राचा नवा फेरफार तयार होतो. मग 'कोणत्याही फेरफाराने बदल झालेला नाही' हे तुमचं सगळ्यात भक्कम वाक्य जातं. वर त्या दस्तालाही चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं, ते वेगळंच.

ई-पीक पाहणी मात्र चुकवू नका. आत्ता ती ०.४६.७० वरच होईल, जास्त क्षेत्र ॲप घेणार नाही. तरी भात नोंदवा, फोटो बांधावर उभं राहून त्याच हिश्श्यात घ्या. नोंद नसेल तर धान खरेदी केंद्रावर अडचण येते. खरेदीची मर्यादाही क्षेत्रावर ठरते, म्हणजे हे १८ आर दर हंगामात पोत्यांच्या हिशोबात जातात. म्हणूनच ही चूक किरकोळ म्हणून सोडून द्यायची नाही.

घणसोली_गावठाण

थोडं वेगळं, पण इथेच विचारतो. नवी मुंबईसाठी संपादन झालेल्या गावांत काही सर्व्हे नंबरांचा थोडाच भाग संपादित झाला. तिथे उरलेलं क्षेत्र ऑनलाइन उताऱ्यावर दिसत नाही. तेही १५५ मध्ये?

साखळी_कडी

नाही, तिथे मार्ग भूमी अभिलेखातून जातो. अंशतः संपादनात निवाड्याप्रमाणे मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक म्हणजे कजाप तयार व्हावं लागतं. त्यावरून नंबर फुटतो आणि उरलेल्या क्षेत्राचा सातबारा वेगळा होतो. आधी निवाड्याची प्रत घ्या, त्यात किती क्षेत्र गेलं ते बघा. मग कजाप झालंय का ते उपअधीक्षकांकडे विचारा. झालंय पण गाव दप्तरी अंमल दिला नाही, तर त्याच्या प्रतीसह तहसीलदारांकडे अर्ज. झालंच नसेल तर तहसीलमध्ये फेऱ्या मारून उपयोग नाही. सिडकोच्या साडेबारा टक्के भूखंडाच्या कामासाठी संपादनापूर्वीचा सातबारा लागतो, तोही याच वेळी काढून ठेवा. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका बघायची.

वनिता_कळवा

सगळे हिस्से बघितले. हिस्सा १ : ०.३२.४०, आकार १.२५. हिस्सा २ (आमचा) : ०.४६.७०. हिस्सा ३ : पोटखराब धरून ०.५१.२०. बेरीज १.३०.३०. आकारबंदावर १.४८.३०. हिस्सा १ चा दर आरला ३.८६ पैसे आला. आमच्या हिश्श्यावर वारसाचा एकच फेरफार आहे, त्यात क्षेत्र ०-६४-७ लिहिलंय आणि नाव 'गणू'च.

नमुना_सहा

मग बरोबर १८ आरचा फरक. कोणाचंही क्षेत्र कमी होत नाही. १५५ चा अर्ज लावा आणि ही बेरीज वेगळ्या कागदावर लिहून जोडा. नावाचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह स्वतंत्र.

फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा डिजिटल उतारा काढून चार गोष्टी बघा. वरचं एकूण क्षेत्र आणि नावासमोरचं क्षेत्र दोन्ही ०.६४.७० झालं का (एकच बदललं तर उतारा तफावतीच्या अहवालात जाऊन बसेल), आकार २.५० च आहे का, 'शेवटचा फेरफार क्रमांक' मध्ये नवा क्रमांक आला का, आणि आठ-अ वर वडिलांचं एकूण क्षेत्र १८ आरने वाढलं का. आठ-अ वेगळा काढावा लागतो, त्याचेही १५ रुपये.

साखळी_कडी

आणि ओळख क्रमांक आधी मिळाला असेल तर त्यात या हिश्श्याचं क्षेत्र जुनंच राहिलंय का तेही तपासा. राहिलं असेल तर नवा उतारा आणि आदेशाची प्रत घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांना भेटा.