अनोळखी मसाले, अनोळखी पानं : तुमचे अनुभव लिहा

ओसरी

आज फडताळ आवरताना मागच्या कोपऱ्यात एक जुनी काचेची बरणी सापडली, आत थाईमच्या (बारीक पानांचा एक परदेशी सुगंधी पाला) काड्या, वास जवळजवळ उडालेला, तरी झाकण उघडल्या उघडल्या एक जुनी दुपार आठवली. शेजारची मैत्रीण घर सोडून दूर चालली होती, सामान सगळं बांधून झालेलं, आणि जाताजाता तिने मसाल्यांची अख्खी टोपली माझ्या हातात दिली. एकाही बरणीवर नाव नाही. म्हणाली, वास घे आणि तूच ठरव.

मग काय, मुलं झोपली आणि मी ओट्यापाशी. एकेक झाकण उघडायचं, चिमूटभर तळहातावर घेऊन चोळायचं, हुंगायचं. एकीत सरळ ओवा! म्हणजे दिसायला बारीक बारीक पानं आणि वास मात्र ओव्याचा (तेच हे थाईम). एकीत बडीशेप, पण तीही पानांतून येणारी (ते टॅरागॉन निघालं). एकीत लाल पूड, तिला चक्क धुराचा वास. आणि एक गडद लाल भरड, तिला वास फारसा नाहीच, जिभेवर ठेवली तर आंबट!! ते सुमाक.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेलीये, उकडलेला बटाटा. नवीन काही हाती आलं की चमचाभर तेल गरम करायचं, त्यात चिमूटभर मसाला, काही सेकंद, की ते तेल मीठ लावलेल्या बटाट्याच्या फोडीवर. दुसऱ्या फोडीवर तोच मसाला कच्चा भुरभुरवायचा. दोन्ही एकामागोमाग खाऊन बघायच्या. काही मसाले तेलातच खुलतात, काही तेलात गेले की संपले, हे कुठल्या पुस्तकाशिवाय कळतं. नवीन मसाल्याला आपण थेट चार माणसांच्या जेवणात ढकलतो ना, मला वाटतं भीती त्याचीच असते. आधी त्याच्याशी एकट्याने ओळख करून घ्यावी, आणि नीट हुंगलं तर नव्वद टक्के वेळा त्यात आपल्या ओळखीचं काहीतरी निघतंच.

तर लिहा बघू, तुम्ही काय काय आणलंत, कशात घातलंत, घरचे काय म्हणाले.

चिंचोका

थाईम आणि ओवा, दोन्हीत थायमॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं, म्हणून तो वास. तुमचं नाक बरोबर आहे. पण ओव्यात ते फार जोरकस, त्यामुळे थाईमच्या जागी ओवा घालायचा तर अगदी चार दाणे, नाहीतर बाकी सगळं झाकून टाकतो. ओरेगॅनो पण त्यांच्याच जवळपासचा, त्यात कार्व्हाक्रॉल, तेही वासाचंच द्रव्य. मी टोमॅटोच्या सुपात हे तिन्ही आलटून पालटून घालतो आणि आमच्या बाईसाहेब डोळे मिटून ओळखतात कुठलं ते. अजून एकदाही चुकलेल्या नाहीत.

दुपारची_झोप

कुकर लागलाय, शिट्ट्या मोजतेय, नंतर लिहिते. बरणी टाकू नकोस हं, काचेची आहे ना

मोगरी

रोझमेरी!! पहिल्यांदा आणली तेव्हा घरभर वास, नवरा आतून ओरडला कुणाचं डोकं दुखतंय का, बाम लावलाय वाटतं. आणि त्याचं काही चूक नव्हतं, कापराचा अंश असतोच तिच्यात. पानं सुईसारखी असतात, तशीच घातली तर दातात येतात, म्हणून मी अख्खी काडी तेलात सोडते, ठेचलेला लसूण सोबत, अगदी मंद आच, पानं कुरकुरीत झाली की काडी बाहेर. ते तेल भाजलेल्या बटाट्यांवर ओतायचं बास. आता तोच विचारतो, बामवाले बटाटे कधी करणार.

निवांत

बामवाले बटाटे 😂 आमच्या घरी पण आता हेच नाव

पानगळ

तमालपत्राचं कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहिते, बाहेरच्या रेसिपीत बे लीफ लिहिलेलं असतं आणि आपण सरळ डब्यातलं तमालपत्र घालतो, पदार्थ छान होतो पण तो वेगळाच होतो कारण ही दोन वेगळ्या झाडांची पानं आहेत. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, पान लांब आणि त्याला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा, वास दालचिनी लवंगेकडे झुकणारा. ते दुसरं लॉरेलचं पान, लहान, मधे एकच शीर आणि तिला फांद्या, वास निलगिरीसारखा थंडसर. एकदा दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मोडून बघा, परत कधी गोंधळ होणार नाही. मी डाळीत एकदा हे एकदा ते असं करते, लॉरेलच्या पानाची डाळ जरा हलकी लागते मला. पान लवकर घालायचं मात्र, उशिरा घातलं तर नुसता कचरा.

चिंचोका

@पानगळ शिरांची खूण माहीत नव्हती, आत्ता डबा उघडून बघितला. तीनच आहेत!

धणेजिरे

माझं जरा उलटं आहे. सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट आमच्या दादाला कायम अनोळखीच राहिली. कोथिंबीर. त्याला साबण खाल्ल्यासारखं लागतं. लहानपणी आई म्हणायची नाटकं करतोस, आणि तो बिचारा एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावायचा, पुढे मोठेपणी वाचनात आलं की कोथिंबिरीत जी अल्डिहाइड्स नावाची वासाची रसायनं असतात तसली साबणातही असतात आणि काही जणांमधे वास ओळखणारं ओआर६ए२ नावाचं जनुक त्याला कारण असू शकतं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग दुसऱ्या दिवसापासून त्याची वाटी वेगळी काढायला लागली. त्याच्या वाटीत आम्ही आता शेपू नाहीतर पार्सली घालतो. बारीक वाटून थोडा वेळ ठेवलेली कोथिंबीर मात्र तो खातो, वाटल्यावर तो वास बराच कमी होतो म्हणे.

मोगरी

अगं माझ्या भाच्याचं हेच! सगळे त्याला नखरेल म्हणतात. हे त्याच्या आईला पाठवते आत्ताच

काजवा

आमच्याकडे सासूबाईंना. मला वाटायचं माझ्याच हातच्या भाजीत त्यांना काहीतरी खटकतं. किती वर्षं! धणेजिरे, मनापासून थँक्यू.

धणेजिरे

@काजवा अगं 🤗 आज त्यांना विचारून बघ

उनाड

सिचुआन मिरी कोणी खाल्लीये का? तिखट नसतेच ती. जीभ आणि ओठ थरथरायला लागतात. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ती थरथर मोजली होती, ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० वेळांच्या आसपास भरली. आमच्या तीर्थरूपांना एक दाणा चावायला दिला तर म्हणाले दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं वाटतंय, आणि दुसरा मागितला. नाव मिरी असलं तरी मिरीशी नातं नाही, आपल्या तिरफळाची ती सख्खी चुलत बहीण. आतलं काळं बी काढून टाकायचं, ते वाळूसारखं कचकच लागतं, सगळी गंमत बाहेरच्या टरफलात. कोरड्या तव्यावर मंद भाजून कुटायची आणि भाताला तूप मीठ लावून वरून एवढीशीच. पाणी पिऊन थरथर जात नाही, वाट बघायची.

काजवा

तिरफळाला पण तसंच होतं थोडं, बरोबर!

दुपारची_झोप

आले. डाळ झाली, आता पोळ्यांच्या आधी लिहून टाकते. माझा मुद्दा प्रयोगाचा नाहीये, बाटलीचा आहे. उकळत्या पातेल्यावर बाटली धरून मसाला शिंपडू नका, बायांनो आणि बाप्यांनो. वाफ बाटलीत शिरते, आतला मसाला ओलसर होतो, गोळे धरतो आणि वास जातो, मग आपण म्हणतो हा मसालाच बेकार. चिमूट तळहातावर घ्या, बोटांनी चुरडा आणि मग सोडा, वाळलेल्या पानांचा वास चुरडल्यावरच मोकळा होतो. आणि बरण्या गॅसच्या वरच्या फळीवर नकोत, तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही. अख्खे मसाले पुष्कळ दिवस टिकतात, पूड लवकर मरते. ओल्या पानांचे तीन चमचे लिहिले असतील तर वाळलेला एकच पुरतो.

रिकामा_तवा

ओसरी, ती धुराच्या वासाची लाल पूड म्हणजे स्मोक्ड पाप्रिका. स्पेनमध्ये ला व्हेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून करतात. तिच्यात साखरेचा अंश असतो, फोडणीत मोहरीसारखी टाकली तर करपून कडू होते. गॅस बंद, तेल जरा निवू दे, मग पूड, लगेच पाणी किंवा टोमॅटो. अंड्यावर तर कमाल लागते.

ओसरी

@रिकामा_तवा हो तीच! अंडं करून बघते. दुपारची_झोप, बाटलीचं अगदी खरं गं.

सायसाखर

सुमाकबद्दल एक काळजीची गोष्ट. फार आवडीचा आहे माझा, कांदा पातळ चिरून मीठ चोळायचं, वर सुमाक, लिंबाशिवाय आंबट आणि पाणी पण सुटत नाही जास्त. पण काजू, पिस्ता, आंबा यांच्याच कुळातला तो, त्यामुळे घरात कुणाला काजू पिस्त्याची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या नणदेच्या मुलीला आहे म्हणून हे आमच्याकडे ठाऊक झालं. पाहुण्यांना वाढतानाही मी आता विचारते.

तसंच चक्रफुलाचं. आपण वापरतो ते चांगलंच, त्याचा वास बडीशेपेसारखा येतो कारण दोन्हीत अॅनेथॉल हे वासाचं द्रव्य, पण जपानी चक्रफूल दिसायला सारखं आणि विषारी असतं. बागेत झाड दिसलं म्हणून तोडून आणू नका, खाण्यासाठी म्हणून पॅक केलेलंच घ्या. जायफळ पण चिमटीतच ठीक, भरपूर घातलं की त्रास होतो.

निवांत

अवांतर : मेथीवरून आठवलं (मेथी कुणीच काढली नाही पण असू दे). २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून हवेत गोड पाकाचा वास यायचा, लोक घाबरून फोन करायचे. २००९ ला छडा लागला, शेजारच्या न्यूजर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची, वारा फिरला की वास शहरात! मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, मेपलच्या (तिकडच्या एका झाडाच्या रसाच्या) पाकाचा वास त्यानेच. हे कळल्यापासून मी मेथीदाणे कोरडे भाजून पूड करतो आणि चिमूटभर गोडात घालतो. भाजलेल्या भोपळ्यावर मध आणि ही पूड. कडू नाही लागत, भाजणं मंद हवं फक्त.

काजवा

मेथी गोडात!! उद्याच करते

अबोली_रंग

मला व्हॅनिलाची शेंग मिळाली होती भेट. चिरून सुरीच्या पाठीने आतल्या बिया खरवडल्या, काळ्या, अगदी कणकण, बोटांना चिकटतात आणि दिवसभर वास जात नाही. दुधात बिया घातल्या, उरलेली साल साखरेच्या डब्यात खुपसून ठेवली, ती साखर कितीतरी दिवस वास देत राहिली. ही वेल मूळ मेक्सिकोतली, दुसरीकडे लावली तर फुलं यायची पण शेंगा धरत नव्हत्या. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बिउस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठ्याने फुलाचं परागीकरण करायची सोपी रीत शोधली, आजही हातानेच करतात. त्याला त्यातून पैसा मिळाला नाही, गरिबीतच गेला. मी शेंग खरवडताना मुलाला हे सांगितलं, तो म्हणाला आई मग त्याचं नाव डब्यावर का नसतं.

सायसाखर

किती खरं बोलला गं लेकरू

पानगळ

बेसिल, पुदिना असली मऊ पानं गॅस बंद केल्यावर घाला, रोझमेरी थाईम सुरुवातीला. लेमनग्रास म्हणजे गवती चहाच, पण स्वयंपाकात पात नाही, बुडाचा पांढरा दांडा, वरवंट्याने ठेचून. एवढंच लिहायचं होतं, दार वाजतंय

उनाड

मोगरी, रोझमेरी कुंडीत लावलीयेस का? माझी काळी पडतेय खालून

मोगरी

पाणी जास्त होतंय. माती पूर्ण वाळल्याशिवाय घालू नकोस, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाक. मातीत निम्मी वाळू. ऊन भरपूर. काळी झालेली छाट, वरची हिरवी चार बोटं लांब काडी घे, खालची पानं ओरबाड आणि ओलसर वाळूत खोच, मुळं धरते.

उनाड

ओके करतो. बेसिल पण फुलायला लागलंय, चालेल ना?

दुपारची_झोप

तुरे खुड लगेच, तुळशीची जातबहीणच ती, फुलली की पानं कमी येतात. वरच्या दोन पानांच्या जोडीच्या वर खुडायचं म्हणजे दोन फांद्या फुटतात. पोळ्या करपतायत पळते

काजवा

आमची मांजर थाईमच्या कुंडीत जाऊन बसते हो रोज, काय करू

मोगरी

मातीवर मोठे गोटे ठेव